शाईची दुपार

अगं सोनू,

दिवाळीची सुट्टी लागली आणि तुझ्या काळ्या मांजराची, शाईची, तुझ्या घरातली ही पहिलीच दिवाळी, त्यामुळे तिच्या फोटोंचा तू घेतलेला ध्यास मला अगदी समजतो. पण नवा फोन घ्यायचा विचार सोड. आहे तोच फोन घे आणि त्याच्या मागची भिंगं मऊ सुती कापडाने पूस. या दिवसांत आपले हात सतत तुपातेलाचे असतात, त्याच हातांनी आपण फोन उचलतो, आणि काचेवर बसलेल्या पुसट थराने निम्मे फोटो धुरकट येतात. खर्चाचा भाग इथे संपला. पुढे लागतो तो वेळ, आणि या आठवड्यात तो तुझ्याकडे आहे.

मला सांग, दुपारी तीन वाजता शाई कुठे असते? तू सकाळी नऊला घर सोडतेस ती दिवेलागणीनंतर परत येतेस. तुझ्या ओळखीची शाई म्हणजे सकाळी वाटीसाठी पायांत घोटाळणारी आणि रात्री उशाशी येऊन पडणारी. मधला अख्खा दिवस ती एकटीच जगते. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं खरं, पण जागा बदलत झोपतं. सकाळी ऊन पडेल तिथे, ऊन चढलं की गार फरशीवर, दुपारी कपाटावरच्या गाद्यांच्या घडीत. उठल्यावर आळस द्यायची तिची एक रीत असते, अंग चाटायची एक ठरलेली जागा असते, खिडकीतून कबुतरं बघत दातांचा कटकट आवाज काढायची वेळ असते. हे तुला एरवी बघायला मिळतच नाही. म्हणून माझं ऐकशील तर सुट्टीचा पहिला दिवस फोन बाजूला ठेव आणि तिचं वेळापत्रक समजून घे. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी तू त्या जागी जाऊन बस. मागे मागे फिरणाऱ्या माणसापासून मांजर निघून जातं, आणि आधीच येऊन बसलेल्या माणसाच्या शेजारी ते आपणहून येऊन टेकतं.

तुमच्या हॉलची खिडकी दक्षिणेची आहे, हे फार चांगलं. दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या खिडकीतून ऊन उन्हाळ्यापेक्षा बरंच आत येतं. ते कडक वाटलं तर पातळ पडदा ओढून घे. खिडकी शाईच्या एका बाजूला राहील अशी तू बस. खिडकी तिच्या पाठीमागे आली की फोटोत तिची नुसती काळी आकृती उरेल.

काळ्या मांजराचे फोटो येत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे ना? त्याचं कारण कॅमेऱ्यात आहे. समोर जे काही असेल ते मध्यम उजळ असणार असं कॅमेरा धरून चालतो. शाईने चौकट भरून टाकली की त्याला वाटतं अंधार झाला. मग तो सगळं उजळवतो आणि तिचा काळाभोर रंग राखाडी करून टाकतो. अशा वेळी स्क्रीनवर तिच्या डोळ्यावर बोट टेकव आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढ. उलट, ती पांढऱ्या भिंतीपुढे लहानशी दिसत असेल तर भिंतीच्या उजेडाने कॅमेरा सगळंच गडद करतो आणि ती डांबराचा ठिपका होते. तेव्हा पट्टी वर ने. आणि एक गंमत बघ. सकाळच्या तिरप्या उन्हात ती आडवी पडलेली असताना तिच्या कुशीकडे जवळून नीट बघ. बऱ्याच काळ्या मांजरांच्या केसांत उन्हात तांबूस झाक दिसते, आणि त्यात फिकट पट्टे उमटतात. पट्टेरी मांजरांच्या रक्ताची ती खूण काळ्या रंगाखाली दडलेली असते. ट्यूबलाइटखाली हे कधीच दिसत नाही. तो एक फोटो मिळाला तरी तुझी सुट्टी सार्थकी लागली असं मी म्हणेन.

डोळ्यांचंही असंच. भर उजेडात बाहुलीची उभी रेघ होते आणि भोवतीचा पिवळा रंग पूर्ण दिसतो. संध्याकाळी बाहुली पसरते आणि रंगाचं नुसतं कडं उरतं. दोन्ही सुंदर, फक्त तुला त्या दिवशी काय हवं ते ठरव. जो डोळा तुझ्या जवळ असेल तो स्पष्ट यायला हवा. बाकी शेपटीचं टोक अस्पष्ट आलं तरी बिघडत नाही. पोर्ट्रेट मोडचा मोह टाळ, त्यात मिशा कापल्या जातात आणि मिशांविना मांजर ओकंबोकं दिसतं. फोन तिच्या नाकाला भिडवू नकोस. नाक मोठं आणि कान बारीक येतात. दोन पावलं मागे सरक आणि थोडा झूम घे. ती खेळत असेल तर एका दमात भरपूर फोटो घे आणि नंतर त्यातला एक निवड.

आणि सोनू, खाली बस. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं ते मोठं आहे. उभं राहून काढलेल्या फोटोत फक्त पाठ आणि कान येतात. जमिनीवर पालथी पड, कोपर टेकव, फोन तिच्या नजरेच्या उंचीवर आण. वॉल्टर चांडोहा नावाचे अमेरिकन छायाचित्रकार होऊन गेले. १९४९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये बर्फात कुडकुडणारं एक पिल्लू त्यांना सापडलं, ते त्यांनी कोटात घालून घरी आणलं, त्याचं नाव लोको ठेवलं आणि पुढचं सगळं आयुष्य मांजरांचे फोटो काढण्यात घालवलं. २०१९ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या फोटोंत मांजरं तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बघतात, कारण छायाचित्रकार त्यांच्याच पातळीवर उतरलेला असतो. मदतीला घरचीच माणसं असायची, बायको आणि मुलं. म्हणून आईला किंवा चिन्मयला हाताशी घे. एकाने तुझ्या डोक्याच्या वर कागदाचा हलकासा चुरचुर आवाज करायचा, फोटो तू काढायचास. आवाज एकदाच करा. चार वेळा केलात तर ती तिकडे बघणंच सोडून देईल.

याच्या अगदी उलट टोकाला एक फार गाजलेला फोटो आहे. फिलिप हाल्समनने १९४८ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली यांचा काढलेला. त्यात दाली हवेत उडी मारतायत, बादलीतलं पाणी उडतंय आणि तीन मांजरंही हवेत आहेत. ती मांजरं मदतनिसांनी फेकलेली होती, आणि मनासारखं चित्र मिळेपर्यंत सुमारे २८ वेळा हे सगळं पुन्हा पुन्हा केलं गेलं. कलेच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. मला तो फोटो बघवत नाही. प्रत्येक वेळी ओल्या अंगाने जमिनीवर आपटून पळालेलं मांजर मला त्यात दिसतं.

म्हणून तुला जरा कडक शब्दांत सांगते. शाईला फेटा, झबलं, मोत्यांची माळ यातलं काही घालू नकोस. कपाळाला कुंकूही लावू नकोस. ती पंज्याने पुसेल, पंजा चाटेल आणि ते पोटात जाईल. रांगोळीत उमटलेले तिचे पंजे फोटोत गोड दिसतील, पण तो रंगही शेवटी तिच्या जिभेवरच जातो. चुकून पाय पडलाच तर ओल्या फडक्याने लगेच पुसून काढ. कुणी भेट म्हणून फुलांचा गुच्छ आणला आणि त्यात लिली असेल, तर त्याच्याशेजारी तिला बसवायचा विचारही करू नकोस. लिलीचे परागकण अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तो गुच्छ घरातच ठेवू नकोस. चिवड्यातला लसूण, कांद्याची भजी आणि आरतीचा कापूर हेही तिच्यापासून दूरच.

दिव्यांच्या फोटोंसाठी तुझा जीव अडकलाय, ते मला माहीत आहे. पणत्या शेल्फवर किंवा बाल्कनीच्या कठड्याबाहेरच्या कट्ट्यावर, तिची उडी पोचणार नाही अशा जागी ठेव. ती अलीकडे, खोलीत, चटईवर. तू तिच्याजवळ आणि दिवे लांब मागे, म्हणजे ते पिवळे गोल होऊन येतात. खोलीतला एक दिवा तिच्या बाजूने चालू राहू दे, नाहीतर फोन रात्रीच्या मोडवर जाईल. त्या मोडमध्ये तो बराच वेळ उजेड गोळा करत बसतो, आणि तेवढ्यात तिने कान जरी हलवला तरी ती पुसट येते. म्हणून रात्रीचे फोटो ती पेंगत असतानाच काढायचे. फ्लॅश बंद. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे तिला आपल्यापेक्षा कितीतरी कमी उजेडात दिसतं. तोच थर फ्लॅशमध्ये हिरवा चमकतो आणि चेहऱ्यावर दोन टॉर्च लावल्यासारखं दिसतं. शिवाय ती दचकते, आणि दुसऱ्यांदा फोन दिसला की उठून जाते.

खाली सोसायटीत मुलं किल्ला करतायत ना? तुमच्या बाल्कनीत चिन्मयसाठी एक छोटासा कर. मऊ ओलसर माती, वर कोवळे अळीव, उन्हाची जागा. शाई त्यावर जाऊन बसल्याशिवाय राहायची नाही. मावळे आडवे होतील, बुरूज ढासळेल, चिन्मय ओरडेल. ओरडू दे, पण तिला हाकलू देऊ नकोस. जमिनीला गाल टेकवून बघ, बालेकिल्ल्यावर काळं मांजर आणि पायथ्याशी बोटभर मावळे. घरातल्या माणसांचाही थोडा भाग अशा फोटोंत येऊ दे. आईचा सोऱ्या फिरवणारा हात आणि ओट्याखालून वर लागलेले शाईचे डोळे, असे फोटो दहा वर्षांनी काढून बघावेसे वाटतात.

पाहुणे आले की ती पलंगाखाली जाईल. जाऊ दे. ‘दाखव ना मांजर’ म्हणून कुणी हट्ट केला तर माझं नाव सांग. कान मागे चिकटले, शेपटी फरशीवर आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली की फोन खिशात घालायचा. आणि ती शांत असेल तेव्हा तिच्याकडे बघून डोळे हळूच मिटून उघड. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं होतं. माणसाने असं केलं की मांजरंही डोळे अर्धवट मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळसुद्धा जास्त सहज येतात. तिचे ते अर्धे मिटलेले डोळे टिपायला मात्र फोन छातीशी धर, चेहऱ्यासमोर नको. तिला तुझे डोळे दिसायला हवेत.

आता फटाक्यांमुळे एक काम नरक चतुर्दशीच्या आधी, आजच करायचं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही वरचे. फटाक्यांनी बिथरलेलं मांजर उघड्या दारातून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि मग शोधताना लोकांना दाखवायला आपल्याकडे फक्त झोपलेलं काळं गाठोडं असतं. म्हणून दिवसाच्या उजेडात तिचे साधे, स्पष्ट फोटो काढ. समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू, उभी असताना पूर्ण शेपटीसकट, आणि गळ्याखालचा तो पांढऱ्या केसांचा ठिपका जवळून. काळ्या मांजरांत तीच तिची ओळख. बाल्कनीची जाळी ओढून बघ, संध्याकाळी सातनंतर तिला आतल्या खोलीत ठेव, वाटी आणि मातीचा ट्रे तिथेच. ते पाच फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घाल आणि मलाही पाठव. माझ्या फोनवर असू देत, आणि डॉक्टरांचा नंबर दोघींकडे.