विभाग घडतो कसा? : रासायनिक तंत्रज्ञान शिक्षणाचा एक आदर्श

विद्यापीठीय विभाग केवळ इमारतीने उभा राहत नाही. त्यासाठी अध्यापन, संशोधन व उद्योग यांची सांगड आवश्यक असते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला. १९३८ मध्ये रंगरसायनतज्ज्ञ के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. केंब्रिजहून परतलेल्या मनमोहन शर्मा यांना १९६४ मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी येथे प्राध्यापकपद मिळाले. रघुनाथ माशेलकर हे त्यांचेच विद्यार्थी. १९८९ मध्ये शर्मा संचालक झाले, तर २००८ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. तरुण गुणवत्तेवर वेळीच विश्वास टाकणे, हा यातील मुख्य बोध होय. प्रमुख निवृत्त झाल्यावरही परंपरा टिकणे, हीच नेतृत्वाची खरी कसोटी.