फवारणीची विषबाधा आणि मजुराचा हक्क (परिसर अभ्यास व गणित : जोडपाठ)



आपल्या सेमाडोह परिसरातली बरीच कोरकू कुटुंबं कामासाठी मेळघाट उतरून खाली अचलपूर, दर्यापूर, अकोटकडच्या वावरात जातात. सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणी, निंदण आणि फवारणीसुद्धा. मुलांना पंप माहीत असतो, डबे माहीत असतात. पण डब्यातलं काय असतं, ते अंगात गेलं तर काय होतं आणि मजूर आजारी पडला तर जबाबदारी कोणाची, हे पुस्तकात एका जागी सापडत नाही. म्हणून हा पाठ. इयत्ता ५ वीसाठी मांडला आहे; पालक सभेतही घेता येईल.

१) सुरुवात एका शब्दापासून

फळ्यावर 'औषध' हा शब्द लिहा आणि मुलांना विचारा, औषध म्हणजे काय? दोन उत्तरं येतात : दवाखान्यातलं आणि पराटीवर मारायचं. एकाच शब्दामुळे विषाची भीती कमी होते. मग सांगा, वावरातलं ते कीटकनाशक, म्हणजे विष. डब्यावरचा चौकोन त्यासाठीच असतो. लाल सर्वांत जास्त विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, कमी विषारी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. मुलांनी हे चित्र काढून घरी न्यावं.

२) यवतमाळ, २०१७

त्या वर्षी पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातही बाधा झाली. कारणं एकात एक गुंतलेली होती. पराटी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. उकाडा होता, घामाने कपडे अंगाला चिकटलेले. दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळली जात होती. हातमोजे, मास्क, चष्मा नव्हते. शासनाने मृतांच्या वारसांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. काही बाधित कुटुंबांनी तर थेट स्वित्झर्लंडमध्ये कीटकनाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली.

३) शरीरात काय होतं?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी सेंद्रिय फॉस्फरसची विषं श्वासातून आणि कातडीतूनही आत जातात. ती नसांचं काम बिघडवतात. लक्षणं : डोळ्याची बाहुली बारीक होणं, अंधुक दिसणं, लाळ व घाम सुटणं, मळमळ, उलटी, अंग थरथरणं, श्वास लागणं. लगेच काय करायचं?

- काम थांबवा, माणसाला मोकळ्या हवेत आणा.
- कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा.
- मुद्दाम उलटी करवू नका, घरगुती उपाय करत बसू नका.
- १०८ ला फोन करा आणि डबा किंवा लेबल सोबत न्या. कोणतं विष हे डॉक्टरांना त्यावरूनच लवकर कळतं.

४) भरपाई : मदत वेगळी, हक्क वेगळा

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. त्यात विषबाधेने मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावाने सातबारा नाही, असा रोजमजूर त्यात बसत नाही. आपल्याकडचे बरेच पालक या दुसऱ्या गटातले.

मजुरासाठी २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. त्याच्या अनुसूचीत शेतात कीटकनाशक फवारणारा मजूर स्पष्टपणे धरलेला होता, रोजंदारीवरचाही. कर्मचारी भरपाईचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतला आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं दाखवावं लागतं. दावा साधारण २ वर्षांच्या आत करायचा. तो आपण राहतो त्या भागातही करता येतो, म्हणजे काम अकोल्यात केलं तरी अमरावतीत. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

इथे एक अवघड गोष्ट आहे. मालकही बहुतेक वेळा कर्जातला लहान शेतकरीच असतो, पुढच्या वर्षी त्याच्याकडेच कामाला जायचं असतं. म्हणून लोक गप्प बसतात. पण गप्प बसल्याने दवाखान्याचा खर्च कमी होत नाही, तो मजुराच्याच घरावर बसतो.

५) गणित

मृत्यू झाल्यास : महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग × वयानुसार ठरलेला गुणांक. रोज ३०० प्रमाणे महिन्याची मजुरी ९,००० धरू. वय ३५, गुणांक १९७.०६.

४,५०० × १९७.०६ = ८,८६,७७० रुपये

मुलांना १९७ धरून करू द्या, उत्तर ८,८६,५०० येईल. मग विचारा, २ लाखांच्या किती पट? चौपटीहून जास्त. आकडा स्वतः काढला की हक्क म्हणजे काय ते कळतं.

वय २५ असेल तर गुणांक २१६.९१, म्हणजे रक्कम वाढते. म्हणून वयाचा पुरावा महत्त्वाचा. शिक्षक मित्रांनो, आपल्या दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख पुढे अशाही कामी येते. ती अंदाजाने लिहू नका.

६) घरी करायचा उपक्रम

एका जुन्या वहीत आई-बाबांच्या कामाची नोंद मुलांनी ठेवायची : तारीख, गाव, मालकाचं नाव, काम, मजुरी, फवारणी असेल तर डब्याचं नाव व रंग. बाधा झालीच तर दवाखान्याची चिठ्ठी आणि भरती-सुटीचे कागद याच वहीत ठेवायचे. लेखी करार नसतो तिथे ही वही साक्षीला उपयोगी पडते.

आणि शेवटची सूचना : रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी, तेल भरायचं नाही. फवारणी चालू असलेल्या वावरात लहान भावंडांना धुऱ्यावरसुद्धा बसवायचं नाही.

आपल्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा.