दाखला पाहून लिहावे

॥ श्री ॥

सातारा,
विजयादशमी

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पुण्याच्या नोकरीत तू रुजू झालीस, काम मनाजोगते मिळाले आणि जावास्क्रिप्टवर हात बसू लागला, हे वाचून तुझ्या आईइतकाच मलाही आनंद झाला. परंतु पत्राच्या शेवटी तू जी तक्रार केली आहेस, की साधा प्रश्न विचारावा तर दहा ठिकाणी दहा उत्तरे मिळतात, त्यांतली काही चालतात, काही चालत नाहीत, आणि चालणारी का चालतात हे मात्र कोणीच सांगत नाही, ती या व्यवसायात केस पांढरे केलेल्या माणसाला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. म्हणूनच तिचे उत्तर फोनवर न देता सवडीने लिहून पाठवीत आहे.

तू दिलेलेच उदाहरण घेऊ. ३, २० आणि १०० या तीन किमती चढत्या क्रमाने लावण्यासाठी तू अ‍ॅरेवर सॉर्ट चालवलेस, तेव्हा १००, २०, ३ अशी यादी पुढे आली. सॉर्ट उलटे लावते, त्याच्या पुढे रिव्हर्स जोड, असे कोणा अनुभवी सहकाऱ्याने सांगितले. तू जोडलेस, यादी सरळ झाली आणि काम मंजूरही झाले. पुढे ५ रुपयांची एक वस्तू दाखल झाली आणि पडद्यावर ५, ३, २०, १०० असा विलक्षण क्रम उमटला. सहकारी खोटे बोलला नव्हता. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले. परंतु तीन आकड्यांवर जुळून आलेला योगायोग त्याने नियम म्हणून सांगितला, आणि तो कशाच्या आधारावर, हे न विचारता तू तो दप्तरी दाखल करून घेतलास. उत्तर मिळणे आणि दाखला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच या पत्रात मला सांगायचे आहे. बाकीचा मजकूर हा त्याचाच तपशील.

आता एमडीएन या मोझिलाच्या संदर्भसंग्रहातले सॉर्टचे पान उघड आणि शांतपणे वाच. तुलनेचे फंक्शन दिले नाही, तर प्रत्येक घटकाचे रूपांतर आधी स्ट्रिंगमध्ये होते आणि त्या स्ट्रिंगांची तुलना यूटीएफ-१६ मधील संकेतांकांच्या क्रमाने होते, असे तिथे स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे १०० हा आकडा २० च्या आधी आला तो मोठा म्हणून नव्हे, तर त्याचे पहिले अक्षर १ हे २ च्या आधी येते म्हणून. त्याच पानावर तुलनेच्या फंक्शनचा कायदाही सांगितला आहे: त्याने ऋण संख्या परत दिली तर पहिला घटक आधी, धन दिली तर दुसरा आधी, शून्य दिले तर दोघांचा मूळचा क्रम कायम, त्यामुळे पहिल्यातून दुसरा वजा करणारे एका ओळीचे फंक्शन दिले की तुझा प्रश्न निकालात निघतो. पण एवढ्यावर पान मिटू नकोस. परत मिळणाऱ्या मूल्याबद्दलच्या त्या रुक्ष परिच्छेदात असे म्हटले आहे, की सॉर्ट नवी यादी करीत नाही, मूळचीच यादी जागच्या जागी फिरवून तीच तुझ्या हाती देते. तेव्हा तीच यादी प्रोग्रामच्या दुसऱ्या भागात कोणी जुन्या क्रमाच्या भरवशावर वापरीत असेल, तर त्याचे काम तुझ्या नकळत बिघडेल. मूळ यादीला धक्का न लावता नवी देणारे टूसॉर्टेड २०२३ च्या आवृत्तीत भाषेत आले, हेही त्या पानावरून सापडते.

या पानांची मांडणी ठरलेली असते: प्रथम सिंटॅक्स आणि पॅरामीटर्स, मग रिटर्न व्हॅल्यू, कोणत्या प्रसंगी एरर येईल त्याची नोंद, मग विवेचन, उदाहरणे, मूळ स्पेसिफिकेशनचा निर्देश आणि शेवटी कोणत्या ब्राउझरमध्ये कोणत्या आवृत्तीपासून ही सोय आहे त्याचा तक्ता. बहुतेक मंडळी तडक उदाहरणावर उडी घेतात, ते उचलतात आणि चालते झाले की पुढे जातात. तू उलट क्रम धर. काय द्यायचे, काय परत मिळते आणि काय बिघडू शकते, हे तीन भाग आधी वाच आणि उदाहरण शेवटी. कारण उदाहरण एका प्रसंगापुरते खरे असते, आणि तुझा प्रसंग तोच आहे की नाही हे ठरवण्याचे साधन त्या तीन रुक्ष भागांतच असते.

दुसरी गोष्ट, एखादे नाव आपण शोधतो तेव्हा ते कोणाच्या अंमलाखालचे आहे हे आधी विचारावे. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, आणि १९९७ च्या जूनमध्ये जिनिव्हा येथील एक्मा या संस्थेने एक्मा-२६२ या क्रमांकाने तिचा प्रमाणग्रंथ प्रसिद्ध केला. २०१५ पासून त्याची नवी आवृत्ती दर वर्षी निघते. अ‍ॅरे, स्ट्रिंग, डेट, प्रॉमिस ही सारी त्या ग्रंथाची प्रजा. परंतु डॉक्युमेंट, विंडो, फेच, इतकेच काय, रोजच्या वापरातले सेटटाइमआउट यांचा कारभार त्या ग्रंथाकडे नाहीच. तो ब्राउझरवाल्यांच्या दप्तरात आहे. अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी २००४ साली डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा गट स्थापन केला. एचटीएमएल, डॉम आणि फेच यांचे नियम तो गट लिहितो. वेबचीच प्रमाणे ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था आणि हा गट या दोघांनी बरीच वर्षे एचटीएमएलच्या आपापल्या प्रती चालवल्या. २०१९ च्या मे महिन्यात झालेल्या करारानंतर एकच प्रत प्रमाण राहिली. हा इतिहास तुला पाठ करण्यासाठी सांगत नाही. ब्राउझरमध्ये निर्वेध चाललेली ओळ ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये नेताच 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' अशी तक्रार का येते, याचे उत्तर या अधिकारविभागणीत आहे, आणि हे एकदा उमगले की कोणता ग्रंथ उघडायचा याचा निम्मा शोध आपोआप संपतो.

मग एमडीएनचे स्थान काय? तो कायदा नव्हे, कायद्यावरचे भाष्य आहे. पण भाष्यांमध्ये त्याच्या तोडीचे दुसरे मला ठाऊक नाही. नेटस्केपने आपल्या अमदानीत डेव्हएज या नावाने जमवलेले साहित्य २००४ साली बंद पडले, तेव्हा ते वापरण्याची परवानगी मिळवून मोझिलाने २००५ पासून हा संग्रह वाढवला. २०१७ साली मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग आणि डब्ल्यूथ्रीसी यांनी त्याच्या सल्लागार मंडळात स्थान घेतले. बाजारातले प्रतिस्पर्धी एका संदर्भग्रंथापुरते एकत्र बसले, याचे कारण परोपकारापेक्षा गरज हेच आहे: प्रत्येक ब्राउझरने आपलाच ग्रंथ वेगळा ठेवला, तर लिहिणाऱ्याला चार दारी हिंडावे लागते आणि त्याचा तोटा अखेर त्या सर्वांनाच होतो.

शोधण्याची रीतही सांगून ठेवतो. सर्च इंजिनमध्ये आपली अडचण भल्यामोठ्या वाक्यात लिहिण्यापेक्षा ज्या वस्तूशी आपले काम आहे तिचे नेमके नाव आणि त्यापुढे एमडीएन एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल, तर अ‍ॅरे किंवा स्ट्रिंग यांचे मुख्य पान उघडून बाजूच्या यादीवरून नजर फिरवावी; या नजर फिरवण्यातच कितीतरी सोयी आपल्या ओळखीच्या होतात, आणि आज न लागलेली सोय सहा महिन्यांनी आठवते. प्रवासात रेंज नसेल त्या वेळेसाठी डेव्हडॉक्स हा संदर्भसंग्रह आधीच उतरवून ठेवावा, तो इंटरनेटवाचून चालतो. पानावर डेप्रिकेटेड, एक्सपेरिमेंटल किंवा नॉन-स्टँडर्ड असा शेरा असेल, तर तो वाचल्याशिवाय एक ओळही उचलू नये. दुसऱ्या कोणाचा लेख वाचताना त्याची तारीख पाहावी. जेक्वेरी या लायब्ररीच्या भरभराटीच्या काळात लिहिलेले उत्तर तेव्हा रास्त असले, तरी आज त्यातली निम्मी कसरत अनावश्यक ठरते.

हल्ली एआयला विचारण्याचा प्रघात पडला आहे, आणि तूही विचारतेसच. विचारू नकोस असे मी म्हणणार नाही. नाव आठवत नसताना ते सुचवण्यात हे चॅटबॉट फार उपयोगी पडतात. परंतु अस्तित्वात नसलेली मेथडसुद्धा ते अशा खात्रीने सांगतात, की नवख्या माणसाला शंका घेण्याचे धैर्य होऊ नये. तेव्हा त्यांच्याकडून नाव घ्यावे, नियम संदर्भग्रंथातून घ्यावा, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन ओळी चालवून मगच विश्वास ठेवावा.

संदर्भ न पाहता तारखा लिहू नयेत, हे तर मी स्वतंत्रपणे बजावतो. '२०२४-०१-१५' अशी केवळ तारीख डेटला दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. त्याच तारखेला वेळ जोडली आणि वेळेचा विभाग मात्र लिहिला नाही, तर ती स्थानिक वेळ मानली जाते. परिणामी पहिल्या प्रकारची तारीख पुण्यात १५ जानेवारीची पहाटेची साडेपाच दाखवते आणि न्यूयॉर्कमधल्या गिऱ्हाइकाला १४ तारखेची संध्याकाळ. महिने शून्यापासून मोजण्याची पद्धत तर जावामधून जशीच्या तशी उचललेली. अशा नियमांचा तर्काने ठाव लागत नाही. बुद्धी कितीही तीव्र असो, ज्याने पान वाचले त्यालाच ते कळतात.

तुमची कंपनी मराठी ग्राहकांच्या याद्या करणार आहे असे लिहिले आहेस, म्हणून एक खास सूचना. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत मात्र त्याचे स्थान ह च्या नंतर. त्यामुळे साध्या सॉर्टने काळे हे आडनाव कावळे या आडनावाच्या आधी येईल, आणि मराठी शाळेत शिकलेल्या कारकुनाला ते खटकेल. यासाठी लोकेलकम्पेअर आणि इंटल यांची पाने वाच. भाषेचे चिन्ह देऊन तुलना करण्याची सोय तिथे सांगितली आहे, आणि तुलनेतून येणारी संख्या नेमकी उणे एक किंवा एकच असेल असे गृहीत धरू नये, तिचे चिन्ह तेवढे पाहावे, हा इशाराही आहे. या विभागाचा प्रमाणग्रंथ एक्मा-४०२ हा निराळा आहे, आणि प्रत्येक भाषेतील अक्षरांचा क्रम तो स्वतः ठरवीत नाही. तेव्हा इथे वाचन झाले तरी ज्या ब्राउझरांवर काम चालायचे, त्या प्रत्येकात ही दोन आडनावे घालून क्रम ताडून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

मूळ स्पेसिफिकेशन रोज वाचण्याची गरज नाही. ते ब्राउझर घडवणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे आणि त्याची भाषा करारनाम्यासारखी कठोर आहे. परंतु दोन पाने परस्परविरोधी बोलू लागली, की निवाडा तिथेच होतो. सॉर्टचाच उतारा काढून पाहा: दिलेली वस्तू फंक्शन नसेल आणि अनडिफाइन्डही नसेल, तर टाइपएरर द्यावी, ही त्याची पहिलीच पायरी आहे. अशा क्रमांक दिलेल्या पायऱ्या एकामागून एक उतरत जाण्याचा सराव झाला, की त्या मजकुराची भीती उरत नाही.

शेवटी, संदर्भग्रंथ निर्दोष असतो असा समज करून घेऊ नकोस. एमडीएनचा मजकूर २०२० च्या डिसेंबरपासून गिटहबवर आहे. पानावर चूक आढळली, तर कोणालाही ती कळवता येते आणि दुरुस्ती सुचवता येते. आपण केलेला प्रयोग आणि छापील वाक्य यांचा मेळ बसेना, तर प्रथम आपला प्रयोग दोनदा तपास, मग प्रमाणग्रंथातली पायरी पाहा, आणि तरीही पानच चुकलेले दिसले तर संकोच न करता दुरुस्ती पाठव. आजवर ज्यांनी ती पाने लिहिली, त्यांतले अनेक तुझ्यासारखेच कोणा कंपनीत काम करणारे लोक आहेत. दाखला मागण्याचा हक्क ज्याला बजावायचा असेल, त्याने तो दाखला शुद्ध ठेवण्याचा भारही थोडा उचलला पाहिजे.

प्रकृतीस जप. मामी आशीर्वाद सांगते.

तुझा,
मामा