व्हायोलिन शिकणारी दोन मुले

मुलांनो, संगीताविषयी बोलताना मराठी माणूस कोणते शब्द वापरतो, याकडे कधी लक्ष दिले आहे का? रियाज, साज, मैफल, उस्ताद! हे शब्द त्याला परके वाटत नाहीत आणि तुमच्या तर ते घरचेच आहेत. म्हणजे या पाठातील काही शब्द तुम्हांला आधीच येतात. मात्र ज्या दोन वाद्यांविषयी आज वाचायचे आहे, ती युरोपातून आपल्याकडे आली. एक व्हायोलिन आणि दुसरे पियानो.

आपल्या नाशिकला संगीत नवे नाही. प्रसिद्ध गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकलाच झाला. वडील पंडित विष्णू दिगंबर वारले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे १९३५ साली, म्हणजे तुमच्याएवढे असताना, ते जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायले आणि जाणकारांनी त्यांना वाखाणले. त्याच १९३५ साली मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडत होती. मेहली मेहता नावाच्या पारशी गृहस्थांनी तेथे पाश्चात्त्य संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा.

मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. ही विद्या त्यांनी बरीचशी स्वतःच्या मेहनतीने मिळवली होती. वाद्यवृंदाला माणसे कोठून मिळणार? काही पारशी हौशी वादक आले, काही नौदलाच्या बँडमधले आले आणि पुष्कळसे गोव्याचे आले. गोव्यात चर्चच्या शाळांतून लहान मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत असत. त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत पाहून वाजवणारे वादक गोव्यात भरपूर होते.

मेहलींच्या घरी २९ एप्रिल १९३६ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव झुबिन. गुजराती बोलणाऱ्या या घरात सकाळ-संध्याकाळ संगीत चाले. वडिलांनीच त्याला व्हायोलिन आणि पियानो या दोन्ही वाद्यांचे पहिले धडे दिले.

ही दोन वाद्ये स्वभावाने अगदी वेगळी आहेत. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नसतात. चार तारा, एक गज आणि आपली बोटे. बोट केसभर सरकले, की सूर बिघडला. म्हणून व्हायोलिन शिकणाऱ्याचा कान आधी तयार व्हावा लागतो. पियानोचे तसे नाही. त्याला अठ्ठ्याऐंशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. आपल्या बाजाच्या पेटीसारखाच तो दिसतो, पण पेटीत हवेने सूर निघतो आणि पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. सूर तयारच मिळतो. अडचण दुसरीच असते. उजव्या हाताचे काम वेगळे, डाव्या हाताचे वेगळे, आणि दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष! एका वाद्याने कान घडतो. दुसऱ्याने अनेक सूर एकदम ऐकायची आणि वाचायची सवय लागते. झुबिनला पुढे या दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

तो नऊ वर्षांचा असताना, १९४५ साली, वडील न्यूयॉर्कला गेले. इव्हान गॅलॅमियन नावाच्या थोर शिक्षकाकडे त्यांना व्हायोलिन शिकायचे होते. सदतीस वर्षांचा, बायकामुले असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन परदेशी जातो, ही साधी गोष्ट नव्हे. मुंबईत झुबिन आणि त्याचा धाकटा भाऊ झरीन यांना आई तेहमिना यांनी सांभाळले. वडील परतले ते चार वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर. परदेशी नोकरीस गेलेल्या वडिलांची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या वर्गातल्या काही जणांना सांगायला नको.

वडील आल्यावर वाद्यवृंदाच्या तालमी पुन्हा जोरात सुरू झाल्या. झुबिन तेव्हा माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिकत होता. वडील त्याला वाद्यवृंदातील एकेका गटाची तालीम घेऊ देत. कधी फक्त व्हायोलिनवाले, कधी फक्त फुंकून वाजवायची वाद्ये. सोळाव्या वर्षी तर तो तालमीत संपूर्ण वाद्यवृंद चालवू लागला. कंडक्टरच्या हातात कोणतेही वाद्य नसते, फक्त एक काठी असते. पुढ्यात मोठी वही असते आणि तिच्या एका पानावर प्रत्येक वाद्याची ओळ एकाखाली एक लिहिलेली असते. त्या साऱ्या ओळी एकदम वाचायच्या, साऱ्यांचे ऐकायचे आणि कोण चुकले हेही सांगायचे. समोर बसलेले वादक वडिलांच्या वयाचे असतील, तर ते सांगणे किती अवघड!

येथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. झुबिन व्हायोलिनवादक म्हणून गाजला नाही, पियानोवादक म्हणूनही नाही. क्रिकेटचे वेड त्याला जबरदस्त होते. त्याने मिळवलेली विद्या बोटांपेक्षा कानांत अधिक होती, असे मला वाटते.

आईची इच्छा मात्र वेगळी होती. मुलाने डॉक्टर व्हावे, चारचौघांत मान मिळेल असे काम करावे, असे तिला वाटे. झुबिनने तिचे ऐकले आणि त्या अभ्यासासाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. आईचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या मुंबईत अशा संगीतावर पोट भरणे कठीणच होते. पुढे काही वर्षांनी खुद्द मेहली मेहतादेखील मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजवण्यासाठी देश सोडून गेले. दोन वर्षे झाली आणि झुबिनचा धीर संपला. त्याने तो अभ्यास सोडला आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी गेला. महिन्याला पंचाहत्तर डॉलर एवढ्यात त्याला भागवावे लागे. तेथे त्याने डबल बास हे माणसाहून उंच वाद्य वाजवले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टरचे शिक्षण घेतले. १९५६ साली शेजारच्या हंगेरीतून हजारो निर्वासित ऑस्ट्रियात आले. तेव्हा झुबिनने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाजवळच्या छावणीत जाऊन त्यांच्यासाठी संगीत सादर केले. १९५८ साली लिव्हरपूल येथील स्पर्धेत तो पहिला आला. १९६२ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसचा नामांकित वाद्यवृंद त्याच्या हाती सोपवण्यात आला. भारत सरकारने २००१ साली झुबिन मेहता यांना पद्मविभूषण दिले.

आता दुसऱ्या मुलाकडे वळू. सोळा वर्षांचा झुबिन मुंबईत तालमी घेत होता, त्याच सुमारास त्याच शहरात बारा वर्षांचा एक मुलगा व्हायोलिन घेऊन सिनेमाच्या स्टुडिओत जात होता. त्याचे नाव प्यारेलाल शर्मा. वडील रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवत. प्यारेलालने आठव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतले. तो दिवसाला आठ-आठ, कधी बारा-बारा तास रियाज करी. त्याचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डा गावचे. प्यारेलाल बारा वर्षांचा झाला आणि घरची परिस्थिती बिघडली. ज्या वयात मुले शाळेत जातात, त्या वयात हा गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात मोठ्या माणसांच्या शेजारी बसून वाजवू लागला. स्वरलिपी वाचता येत होती, सूर पक्का होता, म्हणूनच हे काम त्याला जमले. व्हिएन्नाला पाठवणारे कोणी नव्हते. त्याची शाळा म्हणजे तो स्टुडिओच.

मंगेशकर कुटुंबाच्या सुरील कला केंद्रात त्याला एक मित्र भेटला. तोही गरीब घरचा, मेंडोलिन वाजवणारा. त्याचे नाव लक्ष्मीकांत. १९६३ साली ‘पारसमणी’ चित्रपट आला आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी घराघरांत पोहोचली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील अंड्यातून बाहेर येणारा नायक तुम्ही पाहिला असेल. तो आपले नाव अँथनी गोन्साल्विस असे सांगतो, तेव्हा आपण खूप हसतो. ते नाव प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे घेतले होते.

शब्दार्थ
वाद्य – साज. वाद्यवृंद – एकत्र वाजवणाऱ्या वादकांचा गट. स्वरलिपी – सूर लिहिण्याची पद्धत. वाखाणणे – तारीफ करणे. निर्वासित – पनाहगुजीन, घरदार सोडून आलेले. तालीम – कार्यक्रमाआधीचा सराव (उर्दूतील अर्थ वेगळा आहे, हे लक्षात ठेवा).

स्वाध्याय
१. व्हायोलिन शिकणाऱ्याचा कान आधी तयार का व्हावा लागतो?
२. झुबिनच्या आईला काय वाटत होते? तुम्ही तिच्या जागी असता, तर काय सांगितले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.
३. झुबिन आणि प्यारेलाल यांच्या शिक्षणात कोणता फरक होता?
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले संगीतविषयक शब्द घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.