फेरफाराची भाषा

सात-बारा आपल्या बहुतेकांच्या घरी असतो. परंतु त्यावरील नावाशेजारच्या आकड्याकडे आपण क्वचितच पाहतो. तो फेरफार क्रमांक. हक्कात काय, केव्हा व कशामुळे बदलले, हे गाव नमुना ६ मध्ये त्या क्रमांकाखाली सापडते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोंद चावडीत लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते. प्रमाणित झाल्याखेरीज ती सात-बारावर चढत नाही.

पद्धत चोख, भाषा मात्र नाही. आमच्या साताऱ्याकडील उताऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ आहे, सांगलीला मामांच्या उताऱ्यावर ‘ए.कु.पु.’. एक मॅनेजर, दुसरा पुढारी. अर्थ एकच, की एका भावाच्या नावामागे सारे एकत्र कुटुंब उभे आहे. पुढच्या एखाद्या फेरफारात ही अक्षरे गळली, की तो एकटाच मालक दिसू लागतो, आणि बाकीच्या भावा-बहिणींना दिवाणी कोर्ट गाठावे लागते. (आमच्या आत्याला विचारा!)

कमी झालेले नाव पूर्वी नुसते कंसात टाकीत. २०२० च्या सुधारित नमुन्यात कंसावर आडवी रेघही आली. खूण ठरली. अक्षरांचेही तसेच ठरवावे, आणि कोणाचे नाव कशामुळे कमी झाले ते पूर्ण वाक्यात लिहावे, असे माझे मत आहे.