घरचे वीजबिल आणि डेटा सेंटर



मोबाइलवर आपण गाणे ऐकतो, परीक्षेचा निकाल पाहतो किंवा संगणकाला प्रश्न विचारून उत्तर मिळवतो. यातले बरेचसे काम आपल्या हातातल्या फोनमध्ये होत नाही. ते दूरच्या एका मोठ्या इमारतीत होते. तेथे हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि ते तापू नयेत म्हणून थंडावा देणारी यंत्रेही चालू असतात. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. डेटा सेंटरमुळे सामान्य घरांचे वीजबिल वाढते का, हा प्रश्न अमेरिकेत गाजतो आहे. आपल्या हैदराबादेतही मोठी डेटा सेंटर उभी आहेत. म्हणून या अंकात आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे.

आधी थोडे गणित

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालवले की मीटरवर एक युनिट पडते. १०० मेगावॅटचे डेटा सेंटर पूर्ण भाराने दिवसभर चालले, तर १,००,००० किलोवॅट × २४ तास = २४ लाख युनिट वीज लागते. महिन्याला १५० युनिट, म्हणजे दिवसाला ५ युनिट वापरणारे कुटुंब धरले, तर ही ४ लाख ८० हजार कुटुंबांची वीज झाली! आयर्लंड या छोट्या देशात २०१५ साली डेटा सेंटर एकूण विजेपैकी ५ टक्के वीज वापरत होती. २०२३ साली हे प्रमाण २१ टक्के झाले. त्या वर्षी शहरांतील सर्व घरांनी मिळून १८ टक्के वीज वापरली होती.

बिल वाढते कसे?

आपण बिलात फक्त जळलेल्या युनिटांचे पैसे भरत नाही. वीजकेंद्रे, उच्च दाबाच्या तारा, उपकेंद्रे यांचा खर्चही सर्व ग्राहकांत वाटलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत. पाण्याची एक टाकी आणि एक मोटर आहे. खर्च सारखा वाटला जातो. तेथे अकरावा भाडेकरू येऊन कपडे धुण्याचा मोठा कारखाना काढतो. आता टाकी आणि मोटर दोन्ही मोठी हवी. तो खर्च अकरा जणांत सारखा वाटला, तर बाकीच्या दहांवर अन्याय होईल. मात्र नव्या भाडेकरूने नव्या टाकीचे पैसे स्वतः भरून जुन्या खर्चातही वाटा उचलला, तर उलट सर्वांचा भार हलका होईल. म्हणजे मोठा ग्राहक आला म्हणून बिल वाढेलच असे नाही. खर्चाची वाटणी कशी होते, यावर ते अवलंबून आहे.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेच्या पूर्व भागातील १३ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांचा वीजपुरवठा पीजेएम ही संस्था सांभाळते. जगातील सर्वांत दाट डेटा सेंटरचा पट्टा, उत्तर व्हर्जिनिया, याच भागात आहे. मागणी शिखरावर असताना वीज देण्याची हमी वीजकेंद्रांकडून आधीच लिलावाने घेतली जाते. २०२४-२५ या वर्षासाठी या हमीचा दर एका मेगावॅटला दिवसाला २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी तो बहुतेक भागात २६९.९२ डॉलर झाला, म्हणजे नऊ पटींहून अधिक! पुढच्या वर्षासाठी तो ३२९.१७ डॉलर या ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला टेकला. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, २०२५-२६ च्या लिलावातील सुमारे ९३० कोटी डॉलरचा बोजा डेटा सेंटरच्या आजच्या व अपेक्षित मागणीमुळे पडला. याच भागातील न्यू जर्सी राज्यात जून २०२५ पासून घरगुती बिले सुमारे १७ ते २० टक्क्यांनी वाढली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुनी वीजकेंद्रे बंद होणे, नवी उभी राहण्यास लागणारा विलंब, इंधनाचे भाव ही कारणेही दरवाढीमागे आहेत. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या अभ्याससमितीने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले की, तेथील डेटा सेंटर सध्या आपल्या वाट्याचा खर्च भरत आहेत. पण मागणी अशीच वाढली तर २०४० पर्यंत एका घराचे बिल महागाई वगळून महिन्याला १४ ते ३७ डॉलरने वाढू शकते.

उपाय कोणते?

ओहायो राज्याच्या आयोगाने जुलै २०२५ मध्ये एका वीजकंपनीसाठी नियम मंजूर केला. नव्या मोठ्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली, तिच्या निदान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरायचे, वापर कमी झाला तरी! पाहुणा जेवायला आला नाही म्हणून यजमानाने दंड का सोसावा, हाच यामागचा विचार. व्हर्जिनियानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये २५ मेगावॅट व त्याहून मोठ्या ग्राहकांसाठी वेगळा दरगट मंजूर केला.

आपल्याकडे काय?

भारतात उद्योग व व्यापारी ग्राहकांचा दर साधारणपणे घरगुती दराहून जास्त असतो. म्हणून अमेरिकेचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण नव्या तारा आणि उपकेंद्रांचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न येथेही आहेच. वीज कायदा २००३ प्रमाणे राज्याचा विद्युत नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेतो. पालकांनी आणि विश्वस्तांनी हा हक्क लक्षात ठेवावा. शाळेचे बिलही त्याच दरपत्रकातून येते.

स्वाध्याय

१. घरचे मागील तीन महिन्यांचे बिल घ्या. स्थिर आकार आणि युनिटांचा आकार वेगवेगळे लिहा. वापर कमी झाला तेव्हा यांपैकी कोणता कमी झाला?
२. तुमच्या घरी दिवसाला सरासरी किती युनिट लागतात? १०० मेगावॅटच्या डेटा सेंटरची एका दिवसाची वीज तुमच्या घराला किती वर्षे पुरेल?
३. वाड्याच्या उदाहरणात तुम्ही पंच असता, तर नव्या टाकीचा खर्च कसा वाटला असता? आईवडिलांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.