जांभळें वस्त्र

(अभ्यासासाठीं उतारे : मत्तय २७:२८, मार्क १५:१७, प्रेषितांचीं कृत्यें १६:१४)

आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत ‘जांभळा’ हा शब्द अनेक ठिकाणीं येतो. निवासमंडपाच्या पडद्यांना जांभळें सूत. लूकाच्या सोळाव्या अध्यायांतील श्रीमंताच्या अंगावर जांभळीं वस्त्रें. आणि प्रभूची थट्टा करतांना शिपायांनीं त्यास घातलेलें वस्त्रहि जांभळेंच. शब्द सोपा आहे, आणि तेथेंच अडचण आहे. आपल्या भाषेंत तो जांभूळ ह्या फळावरून आला. जें फळ ओढ्याकांठीं फुकट मिळतें, ज्यानें पावसाळ्याच्या तोंडीं मुलांच्या जिभा रंगतात, त्याच्या नांवानें ऐकणारास राजवैभवाची आठवण कशी व्हावी? भाषांतरकारांचा ह्यांत दोष नाहीं. ह्याहून जवळचा शब्द मराठींत नव्हता. परंतु मंडळीपुढें वाचणाऱ्या उपदेशक बंधूंनीं मूळ शब्द ओळखून असावें, असें आम्हांस वाटतें.

शुभवर्तमानांतील ग्रीक शब्द पोर्फुरा असा आहे. हें समुद्रांतल्या एका शंखधारी गोगलगायीचें नांव. तिच्यापासून निघणारा रंग व त्या रंगांत बुडविलेलें कापड, ह्यांसहि तेंच नांव पडलें. रोमी लोकांनीं त्याचें पुर्पुरा केलें, आणि त्यावरून इंग्रजी ‘पर्पल’ निघाला. इब्री शब्द अर्गामान हा आहे. सिरिया देशांत उगारीत येथें सांपडलेल्या मातीच्या पाट्यांवर ह्याच घडणीचा एक शब्द ‘खंडणी’ ह्या अर्थीं आढळतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ह्या गोगलगायीच्या शरीरांत एक लहानशी ग्रंथि असते. तिच्यांतला रस प्रथम पिंवळट दिसतो; वारा व ऊन लागलें म्हणजे तो हिरवा होतो आणि शेवटीं जांभळट तांबडा ठरतो. रोमी ग्रंथकार प्लिनी लिहितो कीं, त्या ग्रंथि तीन दिवस मिठांत ठेवीत, मग शिशाच्या भांड्यांत मंद आंचेवर कित्येक दिवस शिजवीत. सोर व सीदोन हीं ह्या धंद्याचीं मोठीं ठिकाणें. सीदोनाजवळ ह्या शंखांचे ढीग आजतागायत आहेत. भूगोलकार स्त्राबो म्हणतो कीं, रंगाच्या कारखान्यांमुळें सोर शहर राहावयास नकोसें झालें होतें, पण त्यांनींच तें धनाढ्यहि केलें. राजांच्या अंगावरील वैभव दुर्गंधींतून निघत असे!

१९०९ सालीं पॉल फ्रीडलेंडर ह्या रसायनशास्त्रज्ञानें बारा हजार गोगलगायी घेऊन रंग काढला, तेव्हां त्याच्या हातीं अवघा १.४ ग्रॅम आला. आपल्या जुन्या मापानें सुमारें दीड मासा. परीक्षेअंतीं तो आपल्या निळीचाच भाऊबंद ठरला. त्यांत ब्रोमीन नांवाचें द्रव्य तेवढें अधिक. आतां किंमत पाहा. इ. स. ३०१ सालीं दियोक्लेतियन बादशहानें मालाचे व मजुरीचे कमाल दर ठरविले. त्यांत ह्या रंगाच्या एक पौंड रेशमास १,५०,००० दीनार, आणि शेतमजुरास जेवणावर दिवसाला २५ दीनार. म्हणजे ६,००० दिवसांची मजुरी! मंडळींतील शेतकरी बंधु हा हिशेब चटकन समजतील. पुढें १८५६ सालीं लंडनांत अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिंवतापावरील क्विनाइन बनवूं पाहत असतां त्याला दगडी कोळशाच्या डांबरापासून एक जांभळा रंग मिळाला, व असले रंग स्वस्त झाले. तेव्हां आजच्या बाजारांतील जांभळ्या लुगड्यावरून त्या काळची कल्पना करूं नये.

लुदिया हा माल विकीत असे. तिचें गांव थुवतीरा. तेथें रंगाऱ्यांचा संघ होता, हें तेथील शिलालेखांवरून कळतें. तिकडे मंजिष्ठाच्या मुळांपासूनहि असा रंग करीत, व तोच तिच्या दुकानीं असावा, असें कित्येक विद्वान म्हणतात. कांहीं असो, हलक्या भांडवलावर चालणारा हा धंदा नव्हे.

आतां खरा प्रश्न. मार्क व योहान म्हणतात वस्त्र जांभळें. मत्तय म्हणतो किरमिजी झगा. बाजारांत कोणी हा भेद दाखवून ‘तुमच्या शास्त्राचा मेळ बसत नाहीं’ असें म्हणतो, आणि आमचा तरुण उपदेशक गप्प बसतो. गप्प बसण्याचें कारण नाहीं. किरमिजी रंग ओक झाडावरील किड्यांपासून होई. आपला हा शब्दहि ‘किर्म’ ह्या फारशी शब्दाकडून आला, आणि तो संस्कृत ‘कृमि’चा सोयरा आहे. इब्री भाषेंतहि ह्या रंगाच्या नांवांत किड्याचा शब्द आहे, आणि बाविसाव्या स्तोत्रकर्त्यानें स्वतःस कीटक म्हटलें तेथें तोच आहे. रोमी शिपायाचा झगा ह्या तांबड्या रंगाचा असे. उलट, प्लिनीच्या मतें उत्तम पोर्फुरा गोठलेल्या रक्तासारखा दिसे. तेव्हां हे दोन रंग आपण समजतों तितके दूर नव्हते. शिवाय थट्टेसाठीं खरें राजवस्त्र कोण देणार? शिपायांनीं जवळचा झगा उचलला. मुगुटाच्या ठिकाणीं कांटे, राजदंडाच्या ठिकाणीं वेत, तसा राजवस्त्राच्या ठिकाणीं तो झगा. मत्तयानें वस्तु काय होती तें सांगितलें. मार्कानें ती कशाच्या जागीं घातली तें सांगितलें. हाच अर्थ आम्हांस सरळ वाटतो.